गोव्यातल्या न्हाणीघराला किती लिटरचा गिझर पुरतो?

गिझर घ्यायला म्हापशाच्या किंवा मडगावच्या कुठल्याही दुकानात गेले, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "घरात माणसं किती?" दोन सांगितली तर १० किंवा १५ लिटर आणि चार सांगितली तर २५ लिटर, असे उत्तरही तयार असते, बहुतेक जण तेवढ्यावर विश्वास ठेवून खोके गाडीत टाकतात. हा प्रश्न अगदीच निरुपयोगी नाही, परंतु तो शेवटी विचारायचा आहे. त्याआधी कळायला हवे ते असे, की आपल्या नळाचे पाणी पहाटे किती थंड असते, आंघोळ बादलीने होते की शॉवरखाली, शॉवरमधून मिनिटाला किती पाणी पडते आणि एकाची आंघोळ आटोपल्यावर दुसरा किती वेळाने आत शिरतो. एवढे हाती आले म्हणजे गिझरचे माप शाळेतल्या गुणाकार-भागाकाराने काढता येते, आणि गोव्यात ते दुकानातल्या अंदाजापेक्षा बहुधा लहानच निघते.

हिशेबाचा पाया एकच आहे. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला सुमारे १.१६ वॅट-तास इतकी वीज लागते, आणि असे १००० वॅट-तास झाले की बिलावर एक युनिट चढते. यात कंपनी, मॉडेल किंवा किंमत यांमुळे काहीही बदलत नाही, कारण हा पाण्याचा गुणधर्म आहे. म्हणजे किती लिटर आणि किती अंश, या दोनच आकड्यांवर सगळा खर्च ठरतो. लिटर आपण मोजू शकतो. अंशांचा आकडा मात्र गावागणिक आणि ऋतूगणिक वेगळा असतो, आणि गोव्याची सगळी सोय नेमकी तिथे आहे.

पणजीत थंडीच्या दिवसांतही पहाटेचे तापमान सरासरीने २० अंशांच्या आसपासच असते आणि वर्षातले बरेच महिने दिवसभर हवा ऊबदार असते. त्यामुळे गच्चीवरच्या टाकीतून येणारे पाणी वर्षातला बराच काळ २६ अंशांच्या जवळपास राहते. सत्तरी, धारबांदोडा, सांगे या डोंगराकडच्या तालुक्यांत डिसेंबर-जानेवारीत ते २० अंशांपर्यंत उतरते असे धरले, तरी उत्तरेकडच्या ज्या शहरांत हिवाळ्यात नळाला १२ अंशांचे पाणी येते, त्यांच्याशी त्याची तुलना होऊ शकत नाही. आंघोळीला आपल्याला साधारण ४० अंशांचे पाणी लागते. म्हणजे गोव्यात पाण्याला १४ अंश वर न्यायचे, आणि तिकडे २८ अंश, अगदी दुप्पट. देशभर एकच छापील तक्ता चालवणारा विक्रेता हा फरक गिळून टाकतो आणि त्याची किंमत आपण मोजतो.

आता गिझरवर लिहिलेल्या लिटरचा अर्थ पाहू. १५ लिटरचा गिझर म्हणजे १५ लिटर आंघोळीचे पाणी नव्हे. आतले पाणी हीटर तापवतो, ६० अंश झाले की थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान पाहणारा स्विच, त्याला थांबवतो, आणि आपण त्यात थंड पाणी मिसळतो. मिसळल्यावर किती पाणी मिळेल हे काढायचे, तर गिझरच्या तापमानातून नळाचे तापमान वजा करायचे, आंघोळीच्या तापमानातूनही नळाचे तापमान वजा करायचे आणि पहिल्या उत्तराला दुसऱ्याने भागायचे. गोव्याच्या २६ अंशांच्या पाण्याला ६० वजा २६ म्हणजे ३४, ४० वजा २६ म्हणजे १४, आणि भागाकार सुमारे २.४ येतो, याचा अर्थ गिझरमधल्या एका लिटरचे बाहेर जवळजवळ अडीच लिटर होतात. १२ अंशांच्या पाण्याला हाच भागाकार १.७ येतो. म्हणून गोव्यातला १५ लिटरचा गिझर तिकडच्या २१ लिटरच्या गिझरएवढे काम करतो, असे म्हणायला हरकत नाही.

यातून थोडी वजावट करावी लागते. गिझरमधून गरम पाणी वरून बाहेर पडते त्याच वेळी तळाशी थंड पाणी शिरत असते, आणि दोन्हींची सीमारेषा काही काचेसारखी स्वच्छ नसते; थोडे मिसळतेच. उभ्या टाकीत साधारण पाचातले चार हिस्से पाणी खऱ्या अर्थाने गरम मिळते असे धरून चालावे. आडव्या टाकीत त्याहून कमी मिळते, कारण तिथे थंड-गरमाचा थर पसरट असतो आणि लवकर ढवळला जातो. जुन्या घरांना मागून जोडलेल्या, उतरत्या कौलांच्या न्हाणीत उंची नसल्यामुळे आडवाच गिझर बसवावा लागत असेल, तर माप एक पायरी वर घेणे योग्य ठरते. एरवी १५ लिटरच्या उभ्या गिझरमधून १२ लिटर कढत पाणी, म्हणजे मिसळून सुमारे २९ लिटर आंघोळीचे पाणी मिळते.

बादलीने आंघोळ करणाऱ्याला २० लिटर पाणी भरपूर होते. त्यातले कढत पाणी २० भागिले २.४ म्हणजे आठ लिटरांहून किंचित जास्त. एकट्या माणसाला म्हणूनच १० लिटरचा गिझर बेताचा का होईना, पण पुरतो. सत्तरीतल्या कडाक्याच्या पहाटेला, पाणी २० अंशांचे असताना, भागाकार २ येतो आणि बादलीमागे १० लिटर कढत पाणी लागते. त्यासाठी १५ लिटरचा गिझर निश्चिंत आहे.

चार माणसांचे काय, हा दुकानदाराचा प्रश्न आता घेऊ. गिझर रिकामा होऊन बसून राहत नाही. जेवढे पाणी काढावे तेवढे आत येते आणि तापू लागते. २००० वॅटचा गिझर २६ अंशांचे पाणी ६० अंशांपर्यंत तापवताना तासाला सुमारे ५० लिटर, म्हणजे दहा मिनिटांना आठ लिटरांहून थोडे अधिक पाणी तयार करतो. बादलीच्या आंघोळीला लागतात तेही जवळपास तेवढेच. एक जण अंग पुसून, कपडे करून बाहेर येईपर्यंत आणि दुसरा टॉवेल शोधून आत जाईपर्यंत दहा मिनिटे सहज जातात, आणि तोवर पुढच्या बादलीची तजवीज झालेली असते. या चालीने चार माणसे काय, आठ माणसेही १५ लिटरच्या गिझरवर आंघोळी उरकू शकतात. माणसांची संख्या येथे माप ठरवत नाही. दोन आंघोळींमधले अंतर ठरवते.

मग २५ लिटरचा घेतला तर काय जास्त मिळते? बहुतेक घरगुती गिझरांत १५ आणि २५ या दोन्ही मापांना हीटर २००० वॅटचाच असतो, म्हणजे तापवण्याचा वेग तोच राहतो. फरक सुरुवातीच्या साठ्याचा : १२ ऐवजी २० लिटर कढत पाणी. वरचे आठ लिटर म्हणजे एक बादली. दहा लिटरच्या वाढीव टाकीसाठी जास्तीचे पैसे, जास्तीची जागा आणि भिंतीवर जास्तीचा भार देऊन आपण सकाळच्या रांगेत एक बादली आगाऊ विकत घेतो, इतकाच त्याचा अर्थ आहे. चतुर्थीला घर पाहुण्यांनी भरते तेव्हा कसे होणार, अशी शंका घरातली ज्येष्ठ मंडळी हमखास काढतात. बारा माणसांना दहा मिनिटांच्या अंतराने दोन तास लागतात, गिझर १५ चा असो वा २५ चा; मोठ्या टाकीने त्यातली दहाच मिनिटे वाचतात. न्हाणीतल्या चुलीवर तांब्याचे भाण तापत असे तेव्हा मोठे भाण असणे खरोखरच गरजेचे होते, कारण विस्तव एकदाच पेटवायचा आणि त्या एका तापवणीत सगळ्या घराचे भागवायचे असे. गिझरचा विस्तव बटणावर आहे, त्यामुळे भाणाचा हिशेब त्याला लावण्याचे कारण उरलेले नाही.

शॉवरची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि घोटाळा बहुतेक तिथेच होतो. शॉवरखाली माणूस पाणी मोजत नाही, मिनिटे मोजतो, तीही चुकीची. म्हणून आधी शॉवर मोजावा. लिटरच्या खुणा असलेली बादली शॉवरखाली धरावी, आंघोळीच्या वेळी उघडतो तेवढीच चावी उघडावी आणि १० लिटरच्या खुणेपर्यंत पाणी यायला किती सेकंद लागतात ते घड्याळात पाहावे. ७५ सेकंद लागले तर मिनिटाला ८ लिटर. दोन मिनिटे लागली तर ५ लिटर. स्वतंत्र घरात टाकी स्लॅबवर जेमतेम तीन मीटर उंच असते, त्यामुळे पाण्याचा जोर साधारण ०.३ बारइतकाच भरतो आणि धार मंद असते. इमारतीत, विशेषतः प्रेशर पंप बसवलेला असेल तर, तोच शॉवर दुप्पट पाणी ओततो. एकाच कंपनीचा गिझर बार्देशातल्या वाड्यावरच्या घरात भरपूर वाटतो आणि पणजीच्या फ्लॅटमध्ये मध्येच गार पडतो, याचे कारण बहुधा हेच असते.

मिनिटाला ८ लिटरच्या शॉवरखाली पाच मिनिटे उभे राहिले तर ४० लिटर पाणी गेले, त्यात कढत पाणी साडेसोळा लिटर, आणि वजावट धरता टाकी साधारण २१ लिटरची हवी. येथे २५ लिटरचा गिझर रास्त आहे, आणि एकामागून एक आंघोळी असतील तर मध्ये वीस मिनिटे जाऊ द्यावी लागतात. ५ लिटरच्या मंद शॉवरला १५ लिटरचा गिझर पुरतो. छतातून पावसासारखे पाणी पाडणारे मोठे शॉवर मिनिटाला १५ लिटरपर्यंत जातात. त्यांना पाच मिनिटांसाठी जवळजवळ ३९ लिटरची टाकी लागेल, म्हणजे बाजारातल्या मापांत ३५ अपुरा आणि ५० घ्यायचा. माझ्या मते अशा वेळी गिझर बदलण्यापेक्षा शॉवरचे डोके बदलणे शहाणपणाचे आणि कितीतरी स्वस्त आहे.

इन्स्टंट गिझरवरचे १ लिटर आणि ३ लिटर हे आकडे पाहून लोक गोंधळतात. हे आकडे आतल्या छोट्या टाकीचे आहेत. खरे माप वॅटचे आहे, आणि ते दोन्हींना बहुधा ३००० असते. ३००० वॅटमध्ये २६ अंशांचे पाणी ४० अंशांपर्यंत नेले तर मिनिटाला फक्त ३ लिटर मिळते. बादली साडेसहा मिनिटांत भरते, डोंगराकडच्या थंडीत नऊ मिनिटांहून थोडे अधिक लागतात. बादलीने आंघोळ करणाऱ्या दोघांच्या घराला गोव्याच्या हवेत हे पुरते, आणि पाणी साठवून ठेवण्याची भानगडही राहत नाही. परंतु ८ लिटरच्या शॉवरला चालू धारेत १४ अंश चढवायचे तर जवळजवळ ७८०० वॅट लागतील, आणि तेवढा भार घरातल्या साध्या जोडणीला झेपणारा नाही. इन्स्टंट गिझर घेऊन त्यावर मोठा शॉवर चालवण्याची अपेक्षा ठेवणे म्हणूनच व्यर्थ आहे.

गॅसचा गिझर ही उणीव भरून काढतो. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवणारा गॅस गिझर म्हणजे साडेदहा किलोवॅटची भट्टी असते. मात्र त्या भट्टीला हवा लागते, आणि बंद न्हाणीघरात हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, ज्याला रंग नाही, वास नाही आणि जो माणसाला ओरडण्याचीही संधी देत नाही. देशात अशा दुर्घटनांत माणसे दगावलेली आहेत. गॅस गिझर न्हाणीघराच्या बाहेर, उघड्या हवेत बसवावा आणि आत केवळ गरम पाण्याचा नळ आणावा. भाड्याच्या घरात तो आतच बसवलेला दिसला तर वापरू नये. शिवाय काही गॅस गिझर पाण्याच्या जोरावर पेटतात, आणि टाकी कमी उंचीवर असेल तर ते पेटतच नाहीत, हेही आधी तपासावे.

विजेकडे वळू. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर आणि ३००० वॅटचा १३ अँपिअर वीज ओढतो. दोन्हींना १६ अँपिअरचा स्वतंत्र प्लग, किमान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि पक्के अर्थिंग हवे. ३००० वॅटला आणि लांबच्या अंतराला ४ चौरस मिलिमीटरची वायर बरी. ४५०० वॅटचे मॉडेल जवळजवळ २० अँपिअर ओढते, त्यामुळे ते साध्या प्लगवर लावणे धोक्याचे आहे. जुन्या घरांतले वायरिंग दिवे आणि पंखे यांच्यापुरते घातलेले असते, म्हणून वायरमनला आधी मुख्य बोर्ड दाखवावा, वीज खात्याकडे आपला मंजूर भार किती आहे ते बिलावर पाहावे आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, बसलेला नसेल तर तो बसवल्याशिवाय ओल्या खोलीत गिझर लावू नये.

व्होल्टेजचा एक बारकावा गावातल्या घरांना लागू पडतो. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या, म्हणजे त्या आकड्याला त्यानेच गुणून येणाऱ्या आकड्याच्या, प्रमाणात घटते, त्यामुळे २३० च्या जागी २०० व्होल्ट येत असतील तर २००० वॅटचा गिझर प्रत्यक्षात १५०० वॅटचाच उरतो, आणि अठरा मिनिटांत तापणारी १५ लिटरची टाकी चोवीस मिनिटे घेते. "नवा गिझर बिघडला" ही तक्रार अनेकदा इथून उगवते. ज्या भागात पहाटे व्होल्टेज पडते तिथे बादल्यांमधले दहा मिनिटांचे अंतर तेरा मिनिटांचे धरावे.

वीजबिलाबद्दलचा समज थोडा सुधारावा लागेल. तेवढीच आंघोळ केली तर मोठा गिझर जास्त वीज खातो असे सरसकट म्हणता येत नाही. वापरलेल्या पाण्याला लागणारी वीज दोन्हीकडे सारखीच. नुकसान न वापरलेल्या पाण्याचे होते. २५ लिटरची टाकी ६० अंशांपर्यंत तापवायला एक युनिट जाते. एकट्या माणसाने त्यातले आठ लिटर वापरून बटण बंद केले, तर दोन-तृतीयांश युनिटाची ऊब दुसऱ्या दिवसापर्यंत हळूहळू भिंतीला आणि हवेला जाते. गिझरवरचे तारे हीच गळती सांगतात : टाकी आणि खोली यांत ४५ अंशांचा फरक धरून २४ तासांत किती वीज वाया जाते, यावर ते दिले जातात. गोव्यात खोलीच २८ अंशांची असल्यामुळे फरक ३२ अंशांचा राहतो आणि गळती लेबलवरच्या आकड्याच्या सुमारे ७० टक्के होते. गिझर दिवसभर चालू ठेवणाऱ्या घराने पाच तारे पाहावेत. सकाळी अर्धा तास लावून बंद करणाऱ्याने ताऱ्यांसाठी फार पैसे मोजू नयेत.

थर्मोस्टॅट ४० अंशांवर ठेवून वीज वाचवण्याचा सल्लाही ऐकू येतो, तो मानू नये. साधारण २५ ते ४५ अंशांच्या साठलेल्या पाण्यात लिजिओनेला हा फुप्फुसांचा गंभीर आजार देणारा जिवाणू वाढतो, त्यामुळे टाकी ६० अंशांच्या आसपास तापलेली बरी. मात्र ६० अंशांचे पाणी त्वचेवर पाच-सहा सेकंदांत खोल भाजू शकते, म्हणून लहान मुले आणि वृद्ध असलेल्या घरी बादलीत आधी थंड पाणी घ्यावे आणि मग गरम सोडावे.

पाण्याच्या जातीमुळे टाकीचे आयुष्य ठरते, आणि गोव्याची अडचण दख्खनच्या पठारावरच्या शहरांपेक्षा उलटी आहे. तिकडे जड पाण्याचा पांढरा थर हीटरवर चढतो. आपल्याकडे जांभ्या दगडातून झिरपलेले विहिरीचे पाणी मऊ आणि किंचित आम्लधर्मी असते; ते थर चढवत नाही, धातू खाते. किनाऱ्याजवळच्या आणि खाजनालगतच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून काढलेल्या शेतजमिनीलगतच्या, विहिरींना उन्हाळ्यात खारेपणाही येतो. टाकीच्या आत मॅग्नेशियमचा एक दांडा असतो, तो टाकीऐवजी स्वतः झिजत राहतो. विहिरीचे पाणी वापरणाऱ्यांनी तो वर्षाला एकदा काढून पाहावा आणि अर्धा उरला की बदलावा. हा दांडा काही शेकड्यांत येतो आणि टाकी फुटली की सगळा गिझरच बदलावा लागतो, तरीही दुकानात त्याचे नाव कोणी काढत नाही.

पर्यटकांना खोल्या देणाऱ्यांचा हिशेब दोन आंघोळींमधल्या अंतरावर चालत नाही, कारण समुद्रावरून परतलेले पाहुणे संध्याकाळी एकाच वेळी शॉवरखाली जातात. तिथे प्रत्येक न्हाणीला आपापला २५ लिटरचा गिझर द्यावा किंवा गच्चीवर सौर यंत्रणा घ्यावी. सौर यंत्रणेत १०० लिटरमागे साधारण दोन चौरस मीटरचे कलेक्टर, म्हणजे ऊन शोषून पाणी तापवणारे पत्रे किंवा नळ्या, लागतात. जून ते सप्टेंबर आकाश भरलेले असताना तिला विजेचा आधार लागतोच, आणि तो हीटर किती वॅटचा हे विकत घेतानाच विचारून घ्यावे, कारण २०० लिटरची टाकी २००० वॅटवर २६ वरून ६० अंशांना न्यायला जवळजवळ चार तास लागतात.

राहता राहिली भिंत. २५ लिटरचा भरलेला गिझर स्वतःच्या वजनासकट ३५ किलोंच्या पुढे जातो, आणि चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंतीत, त्यातही मातीच्या सांध्यांच्या जुन्या भिंतीत, आखूड फास्टनर धरत नाही. भोक दोन चिऱ्यांमधल्या सांध्यात न पाडता चिऱ्याच्या मधोमध पाडावे, लांब अँकर वापरावे आणि ड्रिल आत जाताना लाल भुगा अगदीच सहज सुटत असेल तर ती जागा सोडून दुसरी पाहावी. भिंत तशीच पोकळ असेल तर मधल्या मापाचा मोह सोडून १० लिटरचा किंवा इन्स्टंट गिझर लावावा, नाहीतर भिंतीच्या आरपार बोल्ट घालून पलीकडून लोखंडी पट्टी द्यावी.